पर्यटनस्थळांचे छोटे विमानतळ: टर्मिनल मोठं हवं की वेळापत्रक भरवशाचं?

वाटाड्या

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतो. काही विमानतळ मुख्यतः पर्यटकांसाठीच ओळखले जातात. तिथे बरीच विमानं उतरतात ती पलीकडे हिमशिखरं आहेत, एखादं बेट आहे किंवा तीर्थक्षेत्र आहे म्हणून. लेह, भूतानमधलं पारो, नेपाळमधलं लुक्ला, उत्तर बंगालमधलं बागडोगरा, राजस्थानातलं किशनगड, पोर्तुगालच्या माडेइरा बेटावरचं फुंशाल, न्यूझीलंडमधलं क्वीन्सटाउन. अशा विमानतळांबद्दल बोलू.

नवा विमानतळ झाला की बातमीत काय येतं? धावपट्टी इतके मीटर, टर्मिनल इतके चौरस मीटर, गर्दीच्या तासाला इतके प्रवासी. प्रवाशाला मात्र वेगळंच जाणून घ्यायचं असतं. मी तिकीट काढलंय त्या दिवशी विमान खरंच उडेल का? नाही उडालं तर पुढचं कधी? आणि उतरल्यावर मुक्कामी कसं पोचायचं? याची सरळ उत्तरं जो विमानतळ देतो तोच पर्यटनाच्या कामाचा, बाकी सगळं दुय्यम, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसातून एकदाच येणारी एसटीसुद्धा गावाला पुरते, कारण ती येणार हे ठाऊक असतं.

स्पेनमधल्या कास्तेयॉन विमानतळाचं उद्घाटन मार्च २०११ मध्ये झालं. पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं सप्टेंबर २०१५ मध्ये. मधली साडेचार वर्षं धावपट्टी होती, टर्मिनल होतं, भूमध्य समुद्राचा किनारा जवळ होता आणि विमान तेवढं नव्हतं. श्रीलंकेत हंबनटोटाजवळ मत्तला विमानतळ २०१३ मध्ये सुरू झाला. ३,५०० मीटरची धावपट्टी, जवळ याला राष्ट्रीय उद्यान आणि दक्षिणेचे किनारे. तरी विमान कंपन्या एकेक करून निघून गेल्या. जागा निवडली ती वन्यप्राण्यांच्या वावराची, त्यामुळे २०१६ मध्ये धावपट्टीच्या आसपासचे प्राणी हुसकायला सैनिक आणि पोलीस लावावे लागले.

आपल्याकडे २०१६ मध्ये उडान योजना आली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गावर तिचं पहिलं विमान उडालं. कल्पना चांगलीच होती. छोट्या मार्गावर कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकारने भरून द्यायची, तेवढ्यात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील. पण कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघा. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी पूर्ण तीन वर्षं टिकले ११२. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. म्हणजे दिलेल्या शंभर मार्गांतले सात.

मला यात सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट पैशांची नाहीच. पर्यटक दोन-चार महिने आधी ठरवतो. रजा, हॉटेल, पुढची गाडी सगळं त्याच वेळी ठरतं. मार्ग पुढच्या महिन्यात असेल की नाही याचीच खात्री नसेल तर तो मनातल्या मनात त्या विमानतळावर फुली मारतो आणि लांबचा, पण नेमाने चालणारा विमानतळ धरतो. मग इकडे जागा रिकाम्या, म्हणून उड्डाणं कमी, म्हणून आणखी रिकाम्या. हे चक्र एकदा सुरू झालं की कितीही देखणी इमारत ते थांबवू शकत नाही.

तुमचे अनुभव आणि माहिती वाचायला आवडेल.

---

निळाई

छान विषय. एक प्रश्न. लेहची जवळजवळ सगळी विमानं सकाळची का असतात? दुपारी धावपट्टी मोकळी पडलेली दिसते. तेव्हा दोन-चार जास्त उड्डाणं ठेवली तर भाडं उतरणार नाही का?

---

उत्तरवारा

निळाईताई, धावपट्टी मोकळी असते, पण हवा साथ देत नाही.

लेह विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंच आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून जमीन सोडण्याआधी विमानाला जास्त वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी जास्त लांब धावावं लागतं. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. म्हणजे सकाळी जे विमान भरलेलं उडेल, त्यालाच दुपारी वजन कमी करावं लागेल, मग ते सामान असो नाहीतर प्रवासी. शिवाय दुपारनंतर खोऱ्यातला वारा वाढतो. चहूबाजूंनी डोंगर, त्यात वाऱ्याचे झोत, म्हणून शहाणपण सकाळीच उरकण्यात आहे.

उंची, उष्णता आणि धावपट्टीची लांबी यांचं हे गणित सगळ्याच डोंगरी विमानतळांना लागू आहे. शिमल्याचा विमानतळ डोंगराचा माथा सपाट करून केलेला, धावपट्टी जेमतेम १,२३० मीटर. तिथे ४८ आसनांच्या आसपासचं एटीआर-४२ सुद्धा पूर्ण भरून उडवता येत नाही. आता ज्या विमानाच्या काही जागा विकायच्याच नाहीत असं आधीपासून ठरलेलं आहे, त्याचा खर्च उरलेल्या प्रवाशांवरच पडणार. वाटाड्या यांनी दिलेल्या उडानच्या आकड्यांतले बरेच मार्ग का टिकत नाहीत याचं एक उत्तर इथे आहे.

लुक्ला तर टोकाचं उदाहरण. धावपट्टी ५२७ मीटर आणि तिला जवळपास १२ टक्के चढ. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. उतरायचं चढाच्या दिशेने, उडायचं उताराच्या दिशेने, आणि उतरायचं चुकलं तर पुन्हा उचलून फेरी मारायला जागा नाही. एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ मध्ये बांधलेली ही पट्टी पक्की झाली २००१ मध्ये. एव्हरेस्टकडे जाणारे बहुतेक ट्रेकर इथूनच सुरुवात करतात. ढग आले की सगळं ठप्प.

पारोलाही विमान दिवसाच, वैमानिकाला डोळ्यांनी दरी दिसत असेल तरच उतरतं, आणि त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात. म्हणून 'भरवशाचं वेळापत्रक' म्हणताना एक लक्षात घ्यायला हवं की काही ठिकाणी निसर्गच पूर्ण भरवसा देऊ देत नाही. तिथे विमान रद्द झालं म्हणून कंपनीवर संतापून उपयोग नाही. रद्द करणं हेच तिथे योग्य काम आहे.

---

वाटाड्या

उत्तरवारा, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. मला भरवसा म्हणजे 'विमान कधीच रद्द होऊ नये' असं म्हणायचं नाही. रद्द झालं तर पुढे काय, हे आधी ठरलेलं असावं, एवढंच म्हणणं आहे. फुंशालला वाऱ्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. वारा जास्त असला की विमानं शेजारच्या पोर्तु सांतु बेटावर वळवतात, तिथे मोठी धावपट्टी आहे. काही वेळा कॅनरी बेटांवर किंवा थेट लिस्बनला जातात. प्रवाशाला त्रास होतोच, पण पर्यायाचा विचार आधी केलेला असतो.

---

कातळ

वाटाड्या, धागा उत्तम, पण 'बाकी सगळं दुय्यम' हे मला पटलं नाही. तुम्ही फुंशालचं नाव घेतलंत म्हणून तेच उदाहरण देतो.

१९६४ मध्ये तिथली धावपट्टी १,६०० मीटरची होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. नोव्हेंबर १९७७ मध्ये पावसात उतरताना एक विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि १३१ माणसं गेली. त्यानंतर धावपट्टी १,८०० मीटर झाली आणि २००० साली २,७८१ मीटर. पुढे जमीनच नव्हती, तर समुद्राच्या कडेला १८० खांब उभारून त्यावर वाढवली. आज युरोपातून मोठी विमानं थेट बेटावर येतात ती त्या खांबांमुळे. म्हणजे आधी काँक्रीट, मग वेळापत्रक. बांधकामाला नावं ठेवणं सोपं असतं, पण त्याशिवाय भरवसा येणार कुठून?

---

वाटाड्या

कातळ, फुंशालचे खांब मी 'बाकी सगळं' मध्ये धरतच नाही. धावपट्टी लांबवली, म्हणजे विमान सुरक्षित उतरण्याची खात्री वाढवली. तो पैसा थेट माझ्या पहिल्या प्रश्नावर खर्च झाला. माझा राग आहे तो ज्या मार्गावर दिवसाला एक एटीआर येतं तिथे हजार माणसांचं काचेचं टर्मिनल बांधण्यावर. तेवढाच पैसा उतरण्याच्या यंत्रणेवर, रात्रीच्या दिव्यांवर, हवामान केंद्रावर का नाही?

---

उत्तरवारा

यंत्रणेचा विषय निघालाच आहे तर दोन चांगली उदाहरणं.

क्वीन्सटाउनला पूर्वी ढगाळ हवेत बरीच विमानं परत फिरायची. तिथे उपग्रहाच्या आधाराने डोंगरांमधून वळणावळणाने उतरण्याची पद्धत आणली, धावपट्टी रुंद केली, दिवे बसवले आणि २०१६ पासून अंधारातली उड्डाणं सुरू झाली. डोंगर तेच आहेत. बर्फात खेळायला येणाऱ्यांना हिवाळ्याच्या छोट्या दिवसांतही संध्याकाळचं विमान मिळू लागलं.

आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर उपग्रहाच्या आधाराने वाट दाखवणारी 'गगन' प्रणाली वापरून किशनगडला उतरलं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभी केलेली ही प्रणाली. हिचा मोठा फायदा असा, की धावपट्टीवर महागडी यंत्रं न बसवताही विमानाला खाली उतरताना बरंच अचूक मार्गदर्शन मिळतं. किशनगड म्हणजे अजमेर-पुष्करचं प्रवेशद्वार. अशा छोट्या विमानतळांना ही गोष्ट टर्मिनलच्या झुंबरांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

---

मुसाफिर

मी तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, उतरल्यावर पुढे काय. याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

कंबोडियातल्या सियाम रीपचा जुना विमानतळ गावापासून आणि अंगकोरच्या मंदिरांपासून अगदी जवळ होता. बाहेर पडलं की टुकटुक, आणि पाव तासात मुक्काम. पण विमानांच्या हादऱ्यांची मंदिरांना भीती होती आणि धावपट्टी वाढवायला वाव नव्हता. म्हणून १६ ऑक्टोबर २०२३ पासून नवा विमानतळ सुरू झाला, गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. मंदिरांसाठी निर्णय योग्यच म्हणायला हवा. प्रवाशासाठी मात्र शेवटचा पाव तास आता तासाभराचा झाला. रात्री उशिरा उतरणाऱ्याला गाडी आधी ठरवून ठेवावी लागते.

नेपाळमध्ये याहून कठीण आहे. काठमांडूचा विमानतळ इतका गजबजलेला, की ट्रेकिंगच्या हंगामात लुक्लाची बरीच विमानं तिथून न सुटता रामेछापच्या मंथली धावपट्टीवरून सुटतात. काठमांडूहून तिथे जायला रस्त्याने चार-पाच तास. सकाळच्या पहिल्या विमानासाठी लोक मध्यरात्रीच निघतात. तिकिटावर उड्डाण अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळाचं, आणि त्याच्यासाठी अख्खी रात्र रस्त्यावर.

विमानतळाबाहेर ठरलेल्या दराची टॅक्सी, विमानाच्या वेळेला जोडलेली बस, सामान ठेवायची सोय आणि भाषा कळेल असा एक माहिती कक्ष, एवढं असलं तरी नवख्या माणसाची निम्मी काळजी मिटते. एका डोंगरी विमानतळावर सगळ्या शेअर जीप आमचं विमान उतरायच्या आधीच निघून गेलेल्या बघितल्यात. विमान फक्त वीस मिनिटं उशिरा आलं होतं. जीपवाल्यांना कुणी कळवलंच नव्हतं. एक फोन पुरला असता.

---

ऐलपैल

कंपन्यांची बाजूही बघा. पर्यटनाच्या मार्गावर प्रवासी एकाच दिशेने वाहतात. सुट्ट्या सुरू होताना जाणारं विमान भरलेलं आणि येणारं रिकामं, सुट्ट्या संपताना उलट. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळ्यात शनिवारी झुंबड असते, कारण स्कीइंगला येणाऱ्यांचं राहण्याचं बुकिंग शनिवार ते शनिवार असतं. एका दिवसासाठी कर्मचारी, विमानं उभी करायची जागा, बर्फ काढायची यंत्रं सगळं सज्ज ठेवायचं आणि मंगळवारी त्यातलं बरंच नुसतं उभं. हा खर्च कुणीतरी सोसतोच.

आणि एकाच कंपनीवर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं. बार्सिलोनाच्या उत्तरेला, कोस्ता ब्रावा किनाऱ्याजवळ जिरोना विमानतळ आहे. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीने तिथे तळ ठोकला आणि २००८ मध्ये वर्षाचे प्रवासी ५५ लाखांपर्यंत गेले. पुढे कंपनीने बरीच उड्डाणं थेट बार्सिलोनाला हलवली आणि काही वर्षांत आकडा २० लाखांच्या खाली आला. किनारा तोच, विमानतळ तोच. हॉटेलवाल्यांच्या हातात काहीच नव्हतं.

---

कातळ

मग चिपी विमानतळाचं काय म्हणाल? सिंधुदुर्गासाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळ सुरू झाला आणि पंधरा महिन्यांत सीमेपलीकडे गोव्यात मोपा विमानतळ उभा राहिला.

---

ऐलपैल

चिपी वाईट जागी नाही, उलट मालवण-तारकर्लीला तोच जवळ. पण मोपाला दिवसभर वेगवेगळ्या शहरांतून विमानं येतात आणि तिथून वेंगुर्ले, सावंतवाडी लांब नाही. दिवसाच्या एकदोन विमानांवर विसंबण्यापेक्षा माणूस तिकडे उतरून गाडी करतो. बागडोगरा-पाक्योंगचंही असंच आहे. सिक्कीमचा पाक्योंग विमानतळ सप्टेंबर २०१८ मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झाला. डोंगर कापून, प्रचंड संरक्षक भिंत बांधून केलेलं ते काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने थक्क करणारं आहे. पण उतरायला वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, आणि तिथे ढग तर रोजचेच. २०१९ च्या जूनमध्ये सेवा थांबली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, पुन्हा खंड पडला. गंगटोकला जाणारे आजही बागडोगऱ्याला उतरून सव्वाशे किलोमीटर रस्त्याने जातात.

चिपीने मोपाशी स्पर्धा करूच नये असं मला वाटतं. रोज एकच विमान असू दे, पण ठरल्या वेळी, वर्षभर, आणि मुंबईत पुढच्या विमानांशी जुळणारं. मालवणपर्यंत त्याला जोडलेली बस. एवढं दोन वर्षं न चुकता झालं तर लोक आपणहून वळतील.

---

निळाई

सगळे विमानं वाढवण्याबद्दल बोलताय, मला उलट भीती वाटते. फिलिपीन्समधल्या बोराकाय बेटाला जवळचा विमानतळ कातिक्लान. तिथली धावपट्टी लांबवून २०१६ मध्ये १,८०० मीटर केली, म्हणजे मोठी जेट विमानं थेट बेटाच्या जेट्टीजवळ उतरू लागली. एवढ्याशा बेटावर माणसं मावेनात. सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने सहा महिने बेट पर्यटकांना बंदच केलं. उघडलं तेव्हा दिवसाला ६,४०५ पर्यटक अशी मर्यादा घातली. ही संख्या धावपट्टी लांबवायच्या आधी का ठरवली नाही?

गालापागोसला मला हे शहाणपण दिसतं. इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरून निघतानाच प्रवासाचं नियंत्रण कार्ड घ्यावं लागतं, सामानात बिया, फळं, किडे नाहीत ना हे तपासतात, आणि बेटावर उतरल्यावर प्रवेश शुल्क भरायचं. २०२४ मध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी ते दुप्पट करून २०० डॉलर केलं. तिथे विमानतळ हाच जंगलाचा पहारेकरी आहे. पर्यटनस्थळाच्या प्रत्येक विमानतळाकडे ही जबाबदारी असायला हवी. किती माणसं आणायची हे एकट्या विमान कंपनीने ठरवू नये.

---

वाटाड्या

निळाईताई, अगदी महत्त्वाचा मुद्दा मांडलात. आणि तो भरवशाच्या विरोधात जातो असंही मला वाटत नाही. वर्षभर रोज एक विमान येणं आणि डिसेंबरात वीस, जूनमध्ये शून्य असणं, यात पहिल्याने त्या जागेवरचा ताण कमी होतो. तिथल्या वाहनचालकांना, वाटाड्यांना, घरगुती निवास चालवणाऱ्यांना बारा महिने काम मिळतं ते वेगळंच.

---

पाणवठा

नेहमी वाचनमात्र असतो, पण विचारतोच. एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन सिक्कीमला जायचंय, पुढच्या वर्षी लडाख. दोघंही सत्तरीच्या पुढचे. काय काळजी घ्यावी?

---

मुसाफिर

पाणवठा, सिक्कीमसाठी बागडोगराच धरा आणि शक्यतो दुपारी उशिरा पोचणारं विमान टाळा. गंगटोकचा रस्ता घाटाचा, वयस्कर माणसांना अंधारात नेऊ नका. उशीर झालाच तर सिलिगुडीत रात्र काढा. निघायच्या आधी विमानतळ त्या काळात चालू आहे ना, हेही बघा. बागडोगरा हवाई दलाचा तळ आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी तो दोन आठवडे पूर्ण बंद होता. एकच धावपट्टी असली की असं होतं.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं, वरची भरपाई मिळत नाही. म्हणून परतीचा एक दिवस हातात मोकळा ठेवा.

---

उत्तरवारा

लडाखबद्दल मी सांगतो. थेट लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस गावातच पूर्ण विश्रांती. पहिल्याच दिवशी खारदुंग ला खिंडीचा किंवा पँगाँग सरोवराचा बेत अजिबात नको. विमान दीड तासात तीन हजार मीटरवर नेऊन ठेवतं, शरीराला सवय व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. डोकेदुखी, मळमळ, धाप हे अंगावर काढू नका, त्रास वाढला तर लगेच रुग्णालय गाठा आणि आणखी उंचावर जाऊ नका. जायच्या आधी आई-बाबांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदय, फुप्फुस किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर. आणि लेहहून परतीचं विमान सकाळी लवकरचंच घ्या. पहिलं रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा राहते.